किल्लीला हात लावायचा नाही

आमच्या घरात एक नियम होता. गाडीची किल्ली बाईमाणसानं फिरवायची नाही. आणि का, ते विचारायचं नाही. हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा कडक होता.

मी विचारलं की अप्पा पेपर तोंडासमोर धरायचे, आई कढईतला झारा जोरात आपटायची आणि विषय तिथंच संपायचा. माझा अनुभव असा आहे की ज्या प्रश्नाला घरात उत्तर मिळत नाही, त्याचे बाहेर किस्से होतात. एकावर एक साठत जातात. आमच्या गाडीचे इतके साठले की कॉलेजात मैत्रिणी डबा उघडायच्या आधी विचारायच्या, "कुंदा, काल काय झालं गाडीचं?"

गाडी आमची एकट्यांची नव्हती. तिघांनी मिळून घेतलेली. एक आमचे अप्पा, मूळचे साताऱ्याकडचे, मुंबईत सरकारी कचेरीत हेडक्लार्क. दुसरे आमच्या वरच्या मजल्यावरचे नेनेकाका, विमा कंपनीतून रिटायर झालेले, पण विम्याचा स्वभाव रिटायर न झालेला. तिसरे म्हात्रेशेठ, पलीकडच्या शिरवणे गावचे. नेरूळला ज्या जागेवर आमची बिल्डिंग उभी होती, तिथं त्यांचे वडील भात लावायचे. आता शेठ त्याच बिल्डिंगांना रेती पुरवायचे. ओळखीच्या एका कॉन्ट्रॅक्टरची जुनी गाडी त्यांनीच शोधून आणली. शिरवण्याच्या गल्लीत ती वळत नव्हती, म्हणून आमच्या बिल्डिंगखाली उभी राहिली. गाडी तिघांची, त्यामुळे तिच्याविषयीचा प्रत्येक निर्णय तिघांचा. सोसायटीत सगळे या तिघांना 'गाडी कमिटी' म्हणायचे.

आता माझं. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. करत होते आणि मला नोकरी करायची होती. तळोज्याच्या पट्ट्यात, नावड्याजवळ, रंगाचे आणि औषधांचे कारखाने होते. तिथल्या लॅबमध्ये मुली घ्यायला लागले होते. पण काम सकाळी सातला सुरू. आमच्याकडून पहिली बस पनवेलला, तिथून दुसरी नावड्याला, म्हणजे पोचायला साडेआठ. आणि आमच्या खिडकीखाली एक गाडी रविवार सोडून आठवडाभर कव्हर घालून उभी. अप्पा बसनं मुंबईला जायचे, शेठ मोटरसायकलवर फिरायचे, नेनेकाका कुठं जायचेच नाहीत.

म्हणजे माझ्या आणि नोकरीच्या मध्ये फक्त एक बोटभर किल्ली होती. मी ठरवलं होतं, नियम मोडायचा. कसा, ते तेव्हा माहीत नव्हतं.

* * *

गाडी आली ती दसऱ्याला. नेनेकाकांनी सोवळं नेसून पूजा सांगितली आणि केलीही स्वतःच. नारळ झाला, चाकांखाली लिंबं झाली, झेंडूचा हार झाला, बॉनेटवर स्वस्तिक झालं. मग ते आत बसले आणि स्टिअरिंग, गिअर, ब्रेक, किल्लीची जागा, जे जे हलतं त्या सगळ्याला ओलं हळदकुंकू आणि अक्षता वाहिल्या. सढळ हातानं. नेनेकाका एरवी कशातच सढळ नव्हते.

म्हात्रेशेठ म्हणाले, पहिली चावी घरच्या लक्ष्मीनं फिरवायची. नेनेकाकू लाजल्या, शेठच्या घरून कोणी आलं नव्हतं, म्हणून आईला पुढं केलं. आई पदर सावरून बसली, किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली. टाळ्या पडल्या. मग अप्पांनी ती बंद केली आणि किल्ली बाहेर ओढली, तर निघेना. शेठनी ओढली. नेनेकाकांनी ओढली. रुतून बसली ती बसलीच.

आईला कोणी एक शब्द बोललं नाही. फक्त संध्याकाळी नेनेकाका, क्लेम नाकारायचा असला की कसं बोलत असतील तशा आवाजात, म्हणाले, दोष तसा कोणाचा नाही, पण यापुढं किल्ली पुरुषमाणसानंच फिरवलेली बरी. बाकी दोघांनी माना हलवल्या. झाला नियम.

रात्री भांडी विसळताना आई मला म्हणाली, "मी तर फक्त चालू केली. बंद करताना अडकली. बंद तुझ्या वडलांनी केली."

"मग तिथंच का नाही बोललीस?"

"पेढे वाटत होते गं."

* * *

किल्ली फिरवायची प्रत्येकाची रीत वेगळी. अप्पा तिची समजूत काढायचे. "चल बाई, उशीर होतोय," असं म्हणायचे. ज्या किल्लीला बाईचा हात चालत नाही तिला बाई म्हणायला त्यांना काही वाटत नसे. नेनेकाका डोळे मिटून स्तोत्र पुटपुटत इंचाइंचानं फिरवायचे आणि मध्ये कोणी शिंकलं तर स्तोत्र पहिल्यापासून. म्हात्रेशेठ डॅशबोर्डवर थाप मारायचे आणि एक शिवी घालायचे. सांगायला नको, पण त्यांच्या हातून गाडी सगळ्यांत जास्त वेळा सुरू व्हायची.

तिघांचंही खासगीत एकच म्हणणं होतं, की उरलेल्या दोघांनी किल्लीची सवय बिघडवली.

नेनेकाकांच्या भाचीचं लग्न पनवेलला होतं. सगळे नटूनथटून खाली उतरलो, तर गाडी ढिम्म. समजूत झाली, स्तोत्र झालं, थापही झाली. मग धक्का मारायचं ठरलं. शेठ स्टिअरिंगवर बसले, कारण गाडी सुरू झाली तर कोणीतरी पुरुषमाणूस किल्लीपाशी हवा. नेनेकाका पुढं उभे राहिले, कारण रस्ता मोकळा आहे का ते बघायला कोणीतरी हवं. अप्पा बाजूला उभे राहून एक, दोन, तीन म्हणू लागले, कारण तेही कोणीतरी म्हणायला हवं.

मागं आम्ही तिघी. आई, नेनेकाकू आणि मी. दोघी शालूत, मी नव्या साडीत. चिखल नव्हता एवढंच नशीब.

अर्धा रस्ता ढकलून झाल्यावर आई धापा टाकत नेनेकाकूंना म्हणाली, "किल्लीला आपला हात चालत नाही हो. डिकीला चालतो."

नेनेकाकूंना इतकं हसू आलं की त्यांनी हातच सोडले, आणि चढावर गाडी उलटी आमच्याच अंगावर यायला लागली.

* * *

किल्ली निघत नसली की एक नवीनच भानगड व्हायची. किल्ली आत आणि गाडी रस्त्यावर, म्हणजे चोराला आमंत्रण. म्हणून गाडीत कोणीतरी बसून राहायचं. म्हात्रेशेठ एकदा म्हणाले होते, "आपन तिघं मिलून चालू होत नाय ती. चोर काय करनार हाय?" पण नेनेकाकांनी विमा या विषयावर त्यांना असं काही ऐकवलं की शेठ परत त्या वाटेला गेले नाहीत.

बसायचं कोणी? ज्याचं आत काही काम नाही त्यानं. म्हणजे मी. मी लग्नांची जेवणं गाडीत जेवले, बारशाचे पेढे गाडीत खाल्ले. माझी ऑरगॅनिक केमिस्ट्री अर्धी त्या मागच्या सीटवर पाठ झाली.

सगळ्यांवर कडी म्हणजे मला दाखवायला नेलं तो दिवस. एरवी मुलाकडचे येतात, पण मुलाची आजी अंथरुणाला खिळलेली, तिलाही मुलगी बघायची होती, म्हणून आम्हीच पनवेलला गेलो. सोबत कमिटी. दारात गाडी थांबली, किल्ली अडकली. नेनेकाका म्हणाले, बोलणी करायला अनुभवी माणूस हवा. शेठ म्हणाले, मुलाच्या काकांची ओळख माझी. अप्पा वधूपिता. आई वधूमाता. असं करत करत गाडीत बसायला फक्त वधू उरली. पाच मिनिटांत किल्ली काढून देतो, मग तू ये, असं सांगून सगळे आत गेले.

आत सरबत झालं, गावांची नावं निघाली, कुठल्या तरी मामेभावाची ओळखही निघाली. किल्लीचं कोणाच्याही लक्षात राहिलं नाही. शेवटी मुलाच्या आईनं विचारलं, मुलगी कुठं आहे?

अप्पा म्हणाले, "गाडीत बसलीय. किल्ली निघत नाही."

त्यांना काय कळलं कोण जाणे. आठवड्यात निरोप आला की मुलगी फार मानी दिसते, दारापर्यंत येऊन गाडीतून खाली उतरली नाही. त्या गाडीनं माझं भलं केलं असेल तर ते त्या दिवशी.

* * *

एका रविवारी म्हात्रेशेठची बहीण मुंबईहून लाँचनं मोऱ्याच्या बंदरात येणार होती. तिला आणायला शेठ निघाले. ताजी मासळी मिळेल म्हणून आई आणि मीही बसलो. मोऱ्याच्या धक्क्यावर पोचलो आणि शेठ गाडी बंद करायला गेले, तर किल्ली उलटी फिरेचना. आजवर किल्ली निघत नव्हती, आता गाडीच थांबेना. ओहोटी होती, लाँच लांब पाण्यात खोळंबलेली. गाडी आपली उभ्या उभ्या घुरघुरत पेट्रोल पितेय.

मासळीवाल्या बाया टोपल्या सोडून बघायला आल्या. शेठनी थाप मारली, शिवी घातली, दुसरी जरा मोठी घातली. एक म्हातारी कोळीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "शेट, तुमची गारी थांबाला तयार नाय आन् लाँच याला तयार नाय. दोगांचा लगीन लावून द्या."

शेवटी शेठनी मला पुढच्या सीटवर बसवलं आणि स्वतः बॉनेट उघडून आत काहीबाही हलवू लागले. तिथूनच ओरडले, "पोरी, ब्रेक दाबून धर, गिअर टाक आन् क्लच एकदम सोड." मी सोडला. गाडीला मोठी उचकी लागली आणि ती बंद पडली. धक्का एकदम शांत. त्या शांततेत मला फार मोठं काही केल्यासारखं वाटलं. किल्लीला हात न लावता मी गाडी बंद केली होती.

लाँच आली. शेठची बहीण, म्हणजे आमची आत्या, ट्रंक, पिशव्या आणि एक फणस घेऊन उतरली. शेठनी किल्ली फिरवली. आता ती फिरत होती, गाडी सुरू होत नव्हती. मासळीवाल्या बायांनीच धक्का मारला. धक्क्याच्या टोकापर्यंत नेली, तिथून वळवली, परत आणली.

आत्या फणस मांडीवर घेऊन हे सगळं बघत होती. तिसऱ्या फेरीला म्हणाली, "दादा, मी लाँचनीच परत जाते."

* * *

मोऱ्याहून आल्यावर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. नियम किल्लीचा होता. क्लचचा नव्हता, ब्रेकचा नव्हता, स्टिअरिंगचा तर नव्हताच नव्हता.

पुढच्या वेळी गाडी अडली तेव्हा मीच म्हणाले, ढकलायला वजन लागतं, आत बसायला लागत नाही. शेठना ते पटलं. किल्ली फिरवून ते खाली उतरायचे, मागून ढकलायचे, मी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचे, गाडी सुरू. मग ती लगेच बंद पडू नये म्हणून एक चक्कर मारायची. नेरूळात तेव्हा चक्कर मारायला जागेची कमी नव्हती. बिल्डिंगा आखलेल्या होत्या, बांधलेल्या नव्हत्या. रस्ते होते, पण ते कुठंच जात नव्हते. शेठ बांधावर बसून चणे खायचे आणि तिथून ओरडायचे, "हान पोरी, ह्या आमच्याच जमिनी हायत. कोन बोलनार नाय."

अप्पांना हे माहीत होतं का? होतं. पण किल्ली शेठ फिरवत होते ना, मग त्यांच्या हिशेबी गाडी शेठच चालवत होते.

बी.एस्सी.ची परीक्षा झाली तशी मी शिकवण्यांच्या कमाईतून ड्रायव्हिंग स्कूल लावलं आणि लायसन्सच्या परीक्षेला ठाण्याला गेले. स्कूलची गाडी होती, साधी, सरळ. इन्स्पेक्टरांनी सगळं करून घेतलं, मग म्हणाले, गाडी बंद करा. मी केली. किल्ली काढा म्हणाले. मी दोन्ही हातांनी, पाय रोवून ओढली, तर ती लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली आणि मी मागच्या मागे सीटवर आपटले.

हातातल्या किल्लीकडे मी बघतच राहिले. इन्स्पेक्टर म्हणाले, "काय हो, गाडीची किल्ली कधी बघितली नाही का?"

मी म्हटलं, "निघालेली बघितली नव्हती."

लायसन्स घरी आणून मी अप्पांच्या हातात दिलं. त्यांनी उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाले, "फोटो बरा आलाय."

* * *

मग नावड्याची नोकरी लागली. रंगाच्या कारखान्यात, लॅबमध्ये. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचं होतं. साहेबांनी मुलाखतीतच विचारलं होतं, सातला पोचणार कशा? मी म्हटलं, गाडीनं. ते चकित होऊन बघत राहिले, आणि मलाही आपण काय बोललो ते तेव्हा नीट कळलं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात किल्ली पूर्ण बसली. ना फिरे, ना निघे. कमिटी भरली. नेनेकाकांनी जाहीर केलं की अख्खं कुलूप बदलावं लागेल, त्याचा पार्ट मुंबईत शोधावा लागेल आणि हे सगळं आता दसऱ्यानंतरच बघू. दसऱ्याला अजून दीड महिना होता. मला तेवढा वेळ नव्हता.

मंगळवारी दुपारी बिल्डिंग झोपली होती. मी बॅटरीची वायर काढली. ड्रॉपरनं किल्लीच्या कडेनं थेंब थेंब स्पिरिट सोडलं, थांबले, परत सोडलं. खाली धरलेल्या पांढऱ्या फडक्यावर पिवळं पाणी गळायला लागलं. मी सोडत राहिले, ते गळत राहिलं. आईच्या अंबाड्यातला आकडा आणून आत फिरवला, तर तांदळाचा कण निघाला. मग दुसरा. मग कसलातरी लाल चिकट लगदा. आणि मग किल्ली हळूच, आपणहून निघावी तशी माझ्या हातात आली.

संध्याकाळी कमिटीसमोर मी ते पांढरं फडकं पसरलं. नेनेकाकांनी चष्मा पुसून बघितलं आणि निकाल दिला, गंज आहे. खाडीची हवा, दुसरं काय.

आई स्वयंपाकघरातून साबणाची वडी घेऊन आली. फडक्याचं एक टोक ओलं केलं आणि पिवळ्या डागावर साबण घासला. डाग लालभडक झाला. आई म्हणाली, "गंजाला साबण लावला तर असं होत नाही हो नेनेभाऊजी. हळदीला लावला की होतं."

सगळ्यांत आधी शेठना कळलं. आधी त्यांचं पोट हलायला लागलं, मग ते मोठ्यानं हसले. दर दसऱ्याला नेनेकाका त्या भोकाची पूजा करत होते. पहिल्या वर्षी केली ती आईनं किल्ली लावायच्या आधी, दहा मिनिटं.

नेनेकाकांनी चष्मा काढून पुन्हा पुसला. मग म्हणाले, "म्हणजे इतक्या वर्षांत गाडीला कधी अपघात झाला नाही तो उगीच नाही."

मी अप्पांना म्हटलं, आता तर कारण कळलं. नियम गेला ना?

अप्पा म्हणाले, "अगं, आत्ता कुठं किल्ली नीट झालीय. पुन्हा बाईचा हात लागून बिघडायला नको."

"नीट कोणाच्या हातानं झाली अप्पा?"

"तू साफ केलीस. फिरवली नाहीस."

* * *

एक तारखेच्या आदल्या रविवारी कमिटी आमच्याकडे बसली. आईनं पोहे केले होते. मला बाहेर बोलावलं नाही, पण आमचं घर दोन खोल्यांचं, न बोलावताच सगळं ऐकू येत होतं. अप्पा माझ्या बाजूनं बोलत होते. हे मला कबूल केलं पाहिजे, कारण मी ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. पोरगी शिकलीय, नोकरी चांगली आहे, गाडी उभीच असते, असं ते म्हणत होते. शेठ म्हणाले, ती माझ्यापेक्षा बरी हाकते. नेनेकाका म्हणाले, प्रश्न चालवण्याचा नाहीच, एकदा ठरलेलं मोडण्याचा आहे. आज हे मोडलं तर उद्या काय उरलं?

पोहे संपेपर्यंत तोडगा निघाला. तो नेनेकाकांचा होता आणि तिघांनाही फार आवडला. मला बोलावून तो सांगण्यात आला.

गाडी चालवणं वेगळं आणि गाडी सुरू करणं वेगळं. मी गाडी रोज घेऊन जायची, काहीच हरकत नाही. फक्त सकाळी सहाला तिघांपैकी एकजण खाली येईल आणि किल्ली फिरवून देईल. पाळ्या लावल्या होत्या, सोमवारी अप्पा, मंगळवारी शेठ, बुधवारी नेनेकाका, याप्रमाणे. कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन नावड्याचाच, शेठचा लांबचा सोयरा. गाडी पोचली की तो येऊन बंद करेल, सुटताना तोच चालू करून देईल. शेठनी त्याला तसं सांगूनही ठेवलं होतं.

"म्हंजी नियम बी राहिला आन् तुजी नोकरी बी राहिली," शेठ म्हणाले. त्यांना खरंच वाटत होतं की हे छान झालं.

आई दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी काही न बोलता पोह्यांच्या बश्या उचलल्या आणि आत गेले. मी ऐकलं असंच सगळ्यांनी धरलं.

सोमवारी सकाळी मी खाली उतरले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. पाळी फक्त अप्पांची होती, पण पहिला दिवस म्हणून तिघंही आले होते. शेठ शिरवण्याहून मोटरसायकलवर आले होते, नेनेकाकांनी मफलर गुंडाळला होता. आई वर गॅलरीत उभी होती. अप्पांनी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला होता. कव्हर त्यांनीच काढून घडी घातली होती, काचा पुसल्या होत्या. ते आत बसले, किल्ली लावली, फिरवली. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. इतकी सुरेख ती कधीच सुरू झाली नव्हती. अप्पा खाली उतरले आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं. त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की क्षणभर मला वाटलं, जाऊ दे. बस आणि जा. सात वाजता पोच. लढाई जिंकलीसच की.

मी बसले. अप्पांनी दार लावलं.

मी हात पुढं केला, किल्ली उलटी फिरवली आणि गाडी बंद केली.

"काय झालं?" अप्पा खिडकीतून वाकले. "बंद कशाला केलीस?"

"चालू करून दिलेली गाडी मला नको."

"अगं, आत्ता ही वेळ आहे का? पहिला दिवस आहे. उशीर होईल."

"होईल."

नेनेकाका पुढं आले. म्हणाले, रविवारी सगळं ठरलंय, तुझ्यासमोर ठरलंय, तेव्हा तू काही बोलली नाहीस.

"तुम्ही विचारलं नव्हतंत. तुम्ही सांगत होतात." माझा आवाज मला वाटला होता तेवढा चढला नाही. "सकाळी अप्पा चालू करणार, तिथं तो वॉचमन बंद करणार, तोच पुन्हा चालू करणार. मी दिवसभर ॲसिडं हाताळणार आणि घरी यायला एका पुरुषाची वाट बघत गेटवर उभी राहणार. मला नाही जमणार. आज नाही आणि उद्याही नाही."

मी किल्ली काढली. खिडकीतून हात बाहेर काढून तळवा उघडा धरला. किल्ली त्याच्यावर.

"ज्याला ही माझ्या हातात नकोय, त्यानं आत्ता घ्यावी. मी बसनं जाईन. उशिरा पोचेन, ते घरी पाठवतील, नोकरी गेली तर गेली. आणि कोणी विचारलं कशी गेली, तर सांगेन. घ्या."

शेठनी नेनेकाकांकडे बघितलं. नेनेकाकांनी अप्पांकडे बघितलं. अप्पा किल्लीकडे बघत होते.

वर गॅलरीत बांगड्या वाजल्या. आई कठड्यावर वाकली असावी.

माझा हात अवघडला तरी मी तो तसाच धरून ठेवला. तिघांपैकी एकानंही हात पुढं केला नाही.